फाटा कुठे फुटला? एकाच सुपरहिरोच्या अनेक पृथ्व्या वाचायची पद्धत

‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ हे पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नका. मी घेतलं होतं. १९८५-८६ मध्ये बारा अंकांत आलेली ही कथा मार्व वुल्फमनने लिहिली आणि जॉर्ज पेरेझने काढली. डीसी या अमेरिकन कॉमिक्स कंपनीच्या जगातलं जवळजवळ प्रत्येक पात्र तिच्यात हजेरी लावून जातं, आणि एकेका पानावर चेहऱ्यांची जत्रा भरते. चुकून दुसऱ्याच लग्नाच्या हॉलमध्ये शिरावं तसं झालं माझं. सगळे एकमेकांना ओळखतायत, कोणी कोणाच्या गळ्यात पडून रडतंय, आणि आपण हातात आहेराचं पाकीट घेऊन उभे.

त्यामुळे ‘स्पायडर-व्हर्स’चे सिनेमे पाहून आलेल्या माझ्या भाच्याने जेव्हा विचारलं, “मामा, यातली पुस्तकं कुठून सुरू करायची?”, तेव्हा त्याला यादी देण्याआधी मी पद्धत ठरवली. आम्ही इंदूरचे, रामबागेतले. इथे कोपऱ्यावर कॉमिक्सचं दुकान नाही आणि विचारायला जाणकार विक्रेताही नाही. चुकीचं पुस्तक मागवलं की पैसे गेले आणि वाचणाऱ्याचा उत्साहही गेला. गेली दोन वर्षं ही पद्धत त्याच्यावर, त्याच्या दोन मित्रांवर आणि माझ्या बायकोवर वापरून झाली आहे. बायको सोडून सगळे टिकले.

आधी मूळ कल्पना कुठून आली ते बघून घ्या, पुढचं सोपं जातं. १९४० मध्ये फ्लॅश नावाचा एक वेगवान नायक आला. त्याचं नाव जे गॅरिक. पुढे त्याचे अंक बंद पडले. १९५६ मध्ये डीसीने त्याच नावाचा, पण वेगळा नायक आणला, बॅरी ॲलन. आता वाचकांपुढे पेच, की मग जुना फ्लॅश गेला कुठे? सप्टेंबर १९६१ च्या ‘द फ्लॅश’ अंक १२३ मध्ये लेखक गार्डनर फॉक्स आणि चित्रकार कार्माइन इन्फँटिनो यांनी उत्तर दिलं. मुलांच्या कार्यक्रमात दोरीची करामत दाखवताना बॅरी इतक्या वेगाने कंप पावतो, की तो दुसऱ्याच पृथ्वीवर जाऊन पडतो. तिथे जे गॅरिक खराखुरा राहतोय, बायकोबरोबर, जरा उतारवयात. दोन्ही पृथ्व्या एकाच जागी आहेत, फक्त त्यांच्या कंपनाची गती निराळी.

यातली गंमत पुढे आहे. बॅरीने लहानपणी जेचे कॉमिक्स वाचलेले असतात! तो जेला ओळखतो तो वाचक म्हणून. कथा म्हणते, त्या कॉमिक्सच्या लेखकाला स्वप्नात दुसरी पृथ्वी दिसत असावी. आणि तो लेखक कोण? तर स्वतः गार्डनर फॉक्सच.

हे वाचून मला आजीची आठवण झाली. अध्यात्मरामायणात राम सीतेला वनात नेणार नाही म्हणतो, तेव्हा ती इतर कारणांबरोबर हेही कारण देते, की मी अनेक रामायणं ऐकली, सीतेला मागे ठेवून राम वनात गेल्याचं कुठेतरी ऐकलंयत का? म्हणजे कथेतल्या पात्राला आपल्या कथेच्या इतर आवृत्त्या ठाऊक आहेत. आजी भावार्थरामायण वाचायची आणि शेजारच्या काकी रामचरितमानस. शबरीपासून सेतूपर्यंत दोघींचे तपशील जुळायचे नाहीत, आणि त्यावरून भांडण झालेलं मी कधी पाहिलं नाही. ज्या घरात दोन रामायणं नांदतात, तिथे बॅटमॅनच्या पाच आवृत्त्या समजावून सांगायला वेळ लागू नये.

पहिलं काम: फाटा शोधा

एस.टी.ने प्रवास केलेल्या माणसाला फाटा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. रस्ता इथपर्यंत एक होता, इथून दोन झाले. पर्यायी पृथ्वीची कुठलीही कथा हातात आली की पहिल्या वीस पानांत एवढंच शोधायचं: ओळखीच्या कथेपासून ही कुठे फुटली? कोणाची कोणाशी मारामारी, जिंकलं कोण, हे सगळं नंतर.

मी भाच्याला एक साधी वही दिली. प्रत्येक पुस्तकाला एक पान. वर एका वाक्यात फाटा लिहायचा. खाली उभी रेघ मारून डावीकडे ‘काय बदललं’ आणि उजवीकडे ‘काय बदललं नाही’. डावी बाजू सगळेच भरतात. खरी कथा उजव्या बाजूला असते, कारण लेखकाला त्या नायकाचं मर्म काय वाटतं हे तिथेच कळतं.

फाटा सापडतच नसेल तर बहुधा पुस्तक वेगळ्या जातीचं आहे. ढोबळमानाने तीन जाती आहेत.

पहिली खऱ्या फाट्याची: आयुष्य तेच, एक घटना बदलली. डीसीची प्रतिस्पर्धी कंपनी मार्व्हल, तिची ‘व्हॉट इफ’ मालिका १९७७ मध्ये सुरू झाली ती याच तत्त्वावर. तिच्या पहिल्याच अंकातला प्रश्न होता, स्पायडरमॅन फँटास्टिक फोर या चौघा नायकांच्या चमूत सामील झाला असता तर?

दुसरी वेषांतराची. इथे एक घटना बदलत नाही, अख्खा काळ किंवा मुलूखच बदलतो. १९८९ चं ‘गॉथम बाय गॅसलाइट’ बॅटमॅनला एकोणिसाव्या शतकात नेऊन जॅक द रिपर या कुख्यात खुन्याच्या मागे लावतं. ‘स्पायडरमॅन: इंडिया’ याच जातीचं. त्याच्याविषयी पुढे बोलू, सोडणार नाही.

तिसरी वारसाची, आणि गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो. मूळ स्पायडरमॅन म्हणजे पीटर पार्कर. त्याच्यानंतर स्पायडरमॅन झालेला माइल्स मोरालेस हा ‘दुसऱ्या पृथ्वीवरचा पीटर पार्कर’ नव्हे. तो अल्टिमेट नावाच्या वेगळ्या विश्वातला स्वतंत्र मुलगा आहे. त्या विश्वातला पीटर २०११ मध्ये मेला, आणि त्यानंतर ब्रायन मायकल बेंडिस आणि सारा पिकेली यांनी माइल्सला आणलं. त्याच्यासाठी वहीत फाटा शोधत बसलात तर डोकं दुखेल. वारसाला विचारायचा प्रश्न निराळा: याने काय उचललं आणि काय टाकून दिलं?

दुसरं काम: एकटं, पूर्ण पुस्तक

माझं मत ठाम आहे. सुरुवात ‘सुपरमॅन: रेड सन’ने करा. मार्क मिलरने लिहिलेलं, २००३ मध्ये तीन अंकांत आलेलं, आता एका खंडात मिळतं. आधीचं काही वाचलेलं लागत नाही. सुपरमॅन दुसऱ्या ग्रहावरून बाळपणी यानातून आला आणि अमेरिकेतल्या एका शेतकरी जोडप्याने त्याला वाढवलं, एवढं माहीत असलं की पुरे.

फाटा: यान अमेरिकेतल्या कॅन्ससऐवजी सोव्हिएत युक्रेनमधल्या सामूहिक शेतावर पडतं. बस, इतकंच.

आता वहीचं पान बघा. डावीकडे: छातीवर विळा-हातोडा, स्टॅलिनची मर्जी, अमेरिकेची झोप उडालेली, आणि एरवी सुपरमॅनचा हाडवैरी असलेला लेक्स लूथर इथे अमेरिकेचा आशास्थान शास्त्रज्ञ. बॅटमॅनसुद्धा आहे, केसाळ रशियन टोपी घातलेला आणि राज्यसत्तेविरुद्ध उभा. उजवीकडे काय? भाच्याने लिहिलं: “सुपरमॅनला सगळ्यांना वाचवायचंच आहे.” बरोबर. कथेची सगळी भीती या वाक्यात आहे. कॅन्ससमध्ये ज्या स्वभावामुळे तो तारणहार होतो, तोच स्वभाव इथे त्याला लोकांचं सगळं आयुष्य स्वतःच्या मुठीत घ्यायला लावतो. लूथरचा हेवाही बदललेला नाही, आणि बॅटमॅनचे आईवडील इथेही त्याच्या डोळ्यांदेखत मारले जातात. उजवीकडच्या या तीन ओळी मिळाल्या की पुस्तक समजलं. शेवटचं पान मी सांगणार नाही. ते वाचून झाल्यावर पहिलं पान पुन्हा उघडा.

दुसरं पुस्तक ‘फ्लॅशपॉइंट’. जेफ जॉन्स आणि अँडी क्युबर्ट, २०११, पाच अंक. बॅरी ॲलन टेबलावर डोकं ठेवून झोपलेला जागा होतो, तर त्याचा वेग गेलेला आणि मेलेली आई जिवंत. मूळ कथेत लहानग्या ब्रूस वेनचे आईवडील एका गल्लीत गोळ्या लागून मरतात आणि तो पुढे बॅटमॅन होतो. या जगात त्या गल्लीत गोळी ब्रूसला लागली, म्हणून बॅटमॅन झाला तो त्याचा बाप, थॉमस. इथे दोन फाटे आहेत, एक समोर दिसणारा आणि एक लपवलेला. लपवलेला कोणता, हे ओळखायचा प्रयत्न चौथ्या अंकापर्यंत करा. या कथेला जोडून डझनावारी पूरक अंक निघाले. त्यातलं एकच घ्या: थॉमस वेनवरचं ‘नाइट ऑफ व्हेंजन्स’, तीन अंकांचं. त्या जगात जोकर कोण आहे हे कळल्यावर मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. बाकीच्यांवर पैसे घालवू नका.

हे सगळं कशासाठी, हे एकदा बघून घ्या

दोन पुस्तकं झाली की वाचणारा हमखास विचारतो, “पण मग खरा बॅटमॅन कोणता?” तेव्हा त्याला पृथ्वी-दोनच्या, म्हणजे जे गॅरिकच्या पृथ्वीवरच्या बॅटमॅनची गोष्ट सांगा. मुख्य पृथ्वीवरच्या बॅटमॅनला म्हातारं होता येत नाही, कारण पुढच्या महिन्यात त्याचा अंक निघायचा असतो. पृथ्वी-दोनवरच्याला ती मोकळीक मिळाली. तो कॅटवुमनशी लग्न करतो, त्यांना हेलेना नावाची मुलगी होते, तीच १९७७ मध्ये हंट्रेस नावाची नायिका म्हणून पुढे येते. आणि १९७९ च्या एका अंकात हा बॅटमॅन मरतो. मरतो म्हणजे मरतोच. त्याच पृथ्वीवरच्या सुपरमॅनने त्याच्या प्रेयसीशी, लोइस लेनशी, लग्न केलं ते १९७८ च्या अंकात. मुख्य सुपरमॅनला त्यासाठी १९९६ उजाडावं लागलं.

म्हणजे पर्यायी पृथ्वी ही लेखकांची शेवट लिहायची जागा आहे. मासिकाच्या रहाटगाडग्यात ज्या माणसाला शेवटच नाही, त्याला तो इथे मिळतो. ‘किंग्डम कम’ याच नजरेने वाचा. मार्क वेड, ॲलेक्स रॉस, १९९६, चार अंक. पिकल्या केसांचा सुपरमॅन आणि त्याचं न ऐकणारी पुढची पिढी. रॉसने प्रत्येक चौकट रंगवली आहे, त्यामुळे घाईत वाचू नका. मोबाइलवर तर मुळीच नको.

तिसरं काम: कोळ्यांच्या जाळ्यात शिरणं

आता स्पायडरमॅनकडे. बहुतेकांना इथेच यायचं असतं, पण आधीची दोन पुस्तकं झाली असली तर इथे हरवायला होत नाही.

क्रम असा. आधी ‘एज ऑफ स्पायडर-व्हर्स’चा दुसरा अंक, सप्टेंबर २०१४, जेसन लाटूर आणि रॉबी रॉड्रिगेझ. कोळी पीटरला न चावता त्याच्या मैत्रिणीला, ग्वेन स्टेसीला चावला, हा फाटा. एकाच अंकात एक अख्खं जग उभं राहतं, आणि रंग असे की इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरमधून, रंगांच्या मिरवणुकीतून, आल्यासारखं वाटावं. मग डॅन स्लॉटची मुख्य ‘स्पायडर-व्हर्स’ कथा, म्हणजे २०१४ मध्ये नव्याने सुरू झालेल्या ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चे अंक ९ ते १४. पंधरावा आवरासावरीचा, वाटलं तर वाचा. विश्वाविश्वांतले कोळीनायक खाऊन जगणारं एक कुटुंब आहे, आणि त्याच्याविरुद्ध सगळे एकत्र येतात. कथा म्हणून ठीकठाक. पण एका पानावर १९८३ चा स्पायडर-हॅम नावाचा डुक्कर, १९९२ मध्ये आलेला भविष्यातला मिगेल ओ’हारा आणि काळ्या-करड्या रंगातला स्पायडरमॅन नॉयर एकमेकांशी हुज्जत घालताना बघणं ही मजा निराळीच.

मोठा एकत्रित खंड घेतलात तर त्यात बाजूच्या मालिकाही येतात. त्या मी पानं उलटून सोडून दिल्या. पोहे-जिलेबीच्या पुड्यात शेव जास्त झाली की पोहे सापडत नाहीत, तशातलं ते.

आणि मग आपला पवित्र प्रभाकर, भारतातला स्पायडरमॅन. ‘स्पायडरमॅन: इंडिया’, २००४-०५, चार अंक, शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग. गावाकडून शिष्यवृत्तीवर मुंबईला आलेला मुलगा, माया काकू, भीम काका, मीरा जैन नावाची मैत्रीण; आणि खाली चक्क धोतर. शक्ती मिळते ती किरणोत्सर्गी कोळ्यामुळे नव्हे, एका योग्याकडून. खलनायक नलिन ओबेरॉय मंतरलेल्या ताईतामुळे राक्षस होतो.

भाबडं आहे का? आहे. पीटर पार्करच्या प्रत्येक खुंटीला एक भारतीय नाव अडकवायचं, असा सरळ हिशेब आहे. वहीत डावी बाजू भरभरून वाहते आणि उजवीकडे मूळ कथेची कार्बन कॉपी. तरीही वाचावं, दोन कारणांसाठी. एक, धोतर नेसून इमारतींवरून उड्या मारणारी आकृती जीवन कांगने खरोखर देखणी काढली आहे. दुसरं, २०२३ च्या ‘स्पायडर-व्हर्स’ सिनेमातला, मुंबॅटन या मुंबई-मॅनहॅटनच्या मिश्रणातला पवित्र या चार अंकांशी ताडून बघता येतो. सिनेमातला मुलगा खुशालचेंडू, केसांवर प्रेम करणारा, ‘चाय टी’ म्हणणाऱ्यावर भडकणारा. म्हणजे पर्यायी आवृत्तीचीच पर्यायी आवृत्ती, आणि ती जास्त जिवंत. तो सिनेमा भारतात मराठीतही आला होता.

आकडे: भिऊ नका, पाठही करू नका

मार्व्हलची मुख्य पृथ्वी ६१६. हा आकडा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या कॅप्टन ब्रिटनच्या कथांतून आला. जुनं अल्टिमेट विश्व १६१०, ग्वेनचं ६५, पवित्रचं ५०१०१. सिनेमावाल्यांनी २०२२ मध्ये आपल्याही जगाला ६१६ म्हणून टाकलं, त्यावरून रसिकांत अजून जुंपते. तुम्ही त्यात पडू नका. आकडे हे पिनकोडसारखे आहेत, पत्ता शोधायला कामाचे, माणूस ओळखायला नाही.

डीसीच्या बाबतीत मात्र तारखा लक्षात ठेवाव्या लागतात, कारण तिथे पृथ्व्या वेळोवेळी मोडल्या आणि पुन्हा मांडल्या गेल्या. १९८५-८६ च्या ‘क्रायसिस’ने सगळ्या पृथ्व्यांची एक केली. २००५-०६ च्या ‘इन्फिनिट क्रायसिस’ने तो बांध फोडला, आणि ‘५२’ या साप्ताहिक मालिकेच्या शेवटी बरोबर ५२ पृथ्व्या असल्याचं कळलं. ‘फ्लॅशपॉइंट’नंतर २०११ मध्ये पुन्हा सगळं नव्याने. हे एवढं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंत की, हातातलं पुस्तक कोणत्या काळातलं ते पाहायचं आणि पुढे वाचायचं. माझ्या फजितीचं पुस्तक, म्हणजे पहिलं ‘क्रायसिस’, आता खुशाल काढा. सातव्या आणि आठव्या अंकांत जे दोघं मरतात, त्यांना तुम्ही आता ओळखता किंवा निदान त्यांच्यातल्या एकाला तरी. त्याच्यासाठी वाईट वाटेल.

आजचं काही हवं असेल तर दोन नावं. जोनाथन हिकमन आणि मार्को केकेट्टो यांचा २०२४ मध्ये सुरू झालेला ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’: इथे पीटर चाळिशीकडे झुकलेला, बायको-मुलांचा धनी असतो आणि शक्ती त्याला आता मिळते. चाळिशीतल्या वाचकांनी हे आधी वाचलं तरी चालेल, मी माफ करेन. दुसरं स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांचा त्याच वर्षीचा ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’: गडगंज वारसा नसलेला, कामगार वस्तीतला बॅटमॅन. हिंसा भरपूर, त्यामुळे लहानांच्या हाती नको. ‘मार्व्हल झॉम्बीज’ आणि ‘ओल्ड मॅन लोगन’ यांनाही तोच नियम.

पुस्तक मिळवताना

इथल्या खजुरी बाजारात पाठ्यपुस्तकं आणि गाइडं मिळतील, हे नाही. ऑनलाइनच मागवावं लागतं, म्हणून मागवण्याआधी तीन गोष्टी बघा. मुखपृष्ठावर किंवा कण्यावर खंडाचा क्रमांक आहे का? वर्णनात कोणकोणते अंक आत आहेत ते लिहिलंय का? आणि मालिकेचं सुरुवातीचं वर्ष कोणतं? ‘अमेझिंग स्पायडरमॅन अंक १’ या नावाने वेगवेगळ्या वर्षांचे अनेक अंक आहेत. एका विक्रेत्याने मला पहिला खंड म्हणून दुसरा पाठवला, आणि परत करायला गेलो तर म्हणतो, “भिया, चित्रं तर तीच आहेत.” तेव्हापासून पार्सल उघडताना मी मोबाइलवर चित्रण करतो.

सुट्टे अंक जमवायचा नाद सुरुवातीला नको. एकत्रित खंड स्वस्त पडतो आणि क्रमही चुकत नाही. अनेक खंड एकत्र बांधलेला जाडजूड ओम्निबस दिसायला राजेशाही, पण अंथरुणात वाचून बघा एकदा, मनगट सांगेल. मार्व्हलचं वर्गणीचं ॲप आहे, त्यात नवे अंक साधारण तीन महिन्यांनी येतात. टॅबलेट असेल तर उत्तम. आणि रद्दीवाल्याकडे डोळा ठेवा. २००० च्या आसपास गॉथम कॉमिक्सने डीसी आणि मार्व्हलचे अंक भारतात स्वस्तात छापले होते, ते अजून गठ्ठ्यांतून निघतात. मला एक निघाला, मुखपृष्ठावर कुणीतरी गणिताचा गृहपाठ केलेला.

आपल्या गठ्ठ्यातलं

माझ्या पिढीच्या इंदुरी मराठी पोरांचे पहिले सुपरहिरो हिंदी बोलायचे. नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव आम्ही गल्लीतल्या दुकानातून रोजच्या भाड्याने आणायचो. अनेक पृथ्व्यांचा खेळ तिथेही आहे. राज कॉमिक्सने पुढे नागराजची वेगवेगळी रूपं वेगवेगळ्या मालिकांत चालवली, विश्वरक्षक, आतंकहर्ता आणि नरकनाशक. ‘नागायण’मध्ये तर भविष्यातल्या नागराज-ध्रुवावर रामायणाचा साचा बसवला. इंग्रजी अडत असेल तर फाट्याची सवय इथून लावा. वही तीच, पानं तीच. आजीला रामायणातली प्रत्येक ओवी ठाऊक असायची, पण तिलाही ‘नागायण’मधला रावण ओळखायला मी लावला होता. तिने दोन पानांत ओळखला.

शेवटचं काम वाचण्याचं नाही, लिहिण्याचं. दहाएक पुस्तकं झाली की मुलाला एक कोरं पान द्या आणि त्याचा स्वतःचा फाटा काढायला सांगा. अट एकच, बदल एकाच गोष्टीत. आमच्याकडे भाच्याने सुपरमॅनचं यान माळव्यात, सोयाबीनच्या शेतात पाडलं. निपुत्रिक मराठी जोडपं, वडील बँकेतून निवृत्त, आई शाळेत संस्कृतची बाई. डावी बाजू त्याने अर्ध्या तासात भरली. उडताना खिशात जिरावण मसाल्याची पुडी, सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री गर्दी आवरायला हा, वगैरे. उजवी बाजू मात्र दोन दिवस कोरी. तिसऱ्या दिवशी पुण्याहून त्याची मावसबहीण आली होती, तिने ते पान वाचून विचारलं, “हा मराठी कुठली बोलतो? तुमची का आमची?” त्यावर भाच्याने पेन उचललं आणि उजवीकडे पहिली ओळ लिहिली: “दोन्हीकडे लोक त्याला परकाच समजतात.”